नवमीचा चौकोन

पुढच्या मंगळवारी सकाळी तुम्ही लोकांशी काय बोलणार आहात, हे तुम्हाला आज सांगता येईल का? नाही ना? मला येतं. माझ्या अंगावर ते हिरव्या शाईने लिहिलेलं असतं. पण त्यात सुख मुळीच नाही. ज्याच्या अंगावर सतत उद्याचं लिहिलेलं असतं, त्याला आज कधी स्वस्थ बसता येत नाही.

मी एक पांढरा फळा बोलतोय. तीन फूट रुंद, दोन फूट उंच, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी. म्हैसूरच्या अग्रहारात, देवळाच्या गल्लीतल्या एका जुन्या घरी मी राहतो. माझ्यावर लिहितात आणि पुसतात, परत लिहितात आणि परत पुसतात. याच्यापेक्षा वेगळं आयुष्य मला ठाऊक नाही.

माझी सुरुवात एका कंपनीच्या बैठकीच्या खोलीत झाली. तिथे रोज दहा माणसं माझ्याकडे तोंड करून बसत, पण मला कोणीच बघत नसे. एकजण बाण काढी, दुसरा त्या बाणाला गोल करी, तिसरा म्हणे, "हे जरा नंतर बोलू." ते नंतर कधी आलं नाही. एक दिवस कंपनी दुसऱ्या इमारतीत गेली. तिथे काचेच्या भिंती होत्या आणि म्हणे काचेवरच लिहिता येई. आम्हा फळ्यांना जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभं केलं. चार महिने मी भिंतीचा चुना बघत होतो.

तिथून मला अनुराग नावाच्या माणसाने घरी आणलं. स्कूटरवर त्याची बायको जानकी मला पोटाशी धरून बसली होती. वाऱ्याने मी हेलकावे खात होतो आणि ती हसत होती. हूटगळ्ळीच्या नव्या वस्तीत त्यांचं घर होतं.

जानकी नाशिकची. पुण्याला एका जाहिरातीच्या कार्यालयात तिने आठ वर्षं काम केलेलं. कुठल्या दुकानाने कधी काय बोलावं, हे ठरवणं हे तिचं काम. नवऱ्याची बदली झाली आणि ती इथे आली. आता ती माझ्यावर "दूध, गॅस, कोथिंबीर" लिहायची. लिहून झालं की बराच वेळ मार्कर हातात धरून उभी राहायची. तिला अजून काहीतरी लिहायचं असायचं, पण लिहायला विषयच नसायचा. तिची ती तगमग मला कळायची. मीही तसाच होतो.

मग एकदा ती चटणीपूड आणायला अग्रहारात गेली आणि तिची वनजाशी गाठ पडली.

वनजा पंचेचाळिशीची. तिचं घराणं म्हणजे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळातल्या मराठ्यांचं. पिढ्यान् पिढ्या इथेच. घरात बोलतात मराठी, पण अर्ध्या वाक्यात कधी कानडी शिरेल ते त्यांनाही कळत नाही. वनजा घरच्या पुढच्या खोलीत मसाले करून विकायची. चटणीपूड, मेतकूट आणि हुळीपुडी, म्हणजे सांबाराचा मसाला. खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडायचं. मुलगी काव्या कॉलेजात. तिने फोनवर आईच्या धंद्याचं एक पान उघडून दिलं होतं, 'वनजम्मा पुडी' नावाचं. त्या पानावर वनजा रोज सकाळी गुलाबाचं चित्र टाकायची आणि खाली शुभोदय लिहायची. तेवढंच.

"ताई, मसाला विकता आणि गुलाब दाखवता?" जानकीने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"अय्यो, मग काय दाखवू? रोज पुडीच दाखवली तर लोक म्हणतील, हिला दुसरं काम नाही."

गणपती झाले आणि जानकी मला रिक्षात घालून अग्रहारात घेऊन आली. पुढच्या खोलीत, वजनकाट्याच्या वर, मला टांगलं. तिने पट्टी लावून माझ्यावर रेघा मारल्या. पाच ओळी, सात रकाने, पस्तीस चौकोन. इतक्या नीट मला कोणी कधी आखलं नव्हतं.

"चार दिवस द्यायचं आणि एक दिवस मागायचं," जानकीने समजावलं. "चार दिवस काहीतरी उपयोगाचं सांगा. हुळीपुडीत मेथी किती भाजायची, पावसाळ्यात मेतकूट कसं टिकवायचं. पाचव्या दिवशी म्हणा, आता घ्या."

"रोज रोज लोकांशी काय बोलायचं गं? शेजारीण पण रोज आली तर आपण खिडकी लावतो."

"शेजारीण काय सांगते त्यावर आहे ना ते, ताई. लाडू घेऊन आली तर लावता का खिडकी?"

वनजा हसली आणि तिने मार्कर हातात घेतला.

आता एवढी धावपळ कशासाठी, ते सांगायला हवं. वनजाचे सासरे दामोदरराव. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. ते घोडेस्वार पोलिसांत होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी अजून पाठ ताठ. घर त्यांच्या नावावर. मोबाईल दुरुस्त करणारा शरत नावाचा एक माणूस त्यांच्याकडे पुढची खोली भाड्याने मागत होता. अण्णांनी वनजाला स्पष्ट सांगितलं होतं.

"तीन वर्षं झाली, वनजा. दुकान म्हणजे दारात माणसं यायला पाहिजेत. इथे दिवसाला दोघं येतात, त्यातलं एक पत्ता विचारायला. विजयादशमीला शरत येणार, मुहूर्ताला. तोवर दारात माणसं दिसू देत. नाहीतर तू आत स्वयंपाकघरात कर पुडी. तिथे जागा आहे की."

आत स्वयंपाकघरात जागा नव्हती. एक ओटा, एक फ्रिज, आणि अण्णांची औषधं. मसाला भाजायला काढला की सगळं घर खोकायचं. खोली गेली की धंदा गेला, हे वनजाला माहीत होतं. पण अण्णांसमोर ती फक्त "सरी" म्हणाली. सरी म्हणजे बरं. सासऱ्यांना ती गेली बावीस वर्षं एवढंच म्हणत आली होती.

आणि म्हणून माझे पस्तीस चौकोन.

पहिले दिवस फार हसण्यासारखे गेले. फोनसमोर उभी राहिली की वनजा दगडासारखी व्हायची. "नमस्कार. ही हुळीपुडी. ही उत्तम आहे." आकाशवाणीवर धरणाची पातळी सांगतात ना, तसं.

"अम्मा, तू हसलं पाहिजे थोडं," काव्या म्हणायची. तिचं मराठी तेवढंच. "आणि अल्लाडू नको, सगळं हलतंय."

"हसायचं पण आणि हलायचं पण नाही? फोटोतला देव आहे का मी?"

एकदा चित्रण चालू असताना अण्णा पंचा गुंडाळून मागून गेले. जाताना मिरच्यांच्या ताटाकडे बघून म्हणाले, "या वेळी मिरची लाल नाही, भगवी आलीय. फसवलं तुला मंडी मोहल्ल्याच्या बाजारात." काव्याने तेवढाच तुकडा पानावर टाकला. लोकांना तो इतका आवडला की सगळे विचारायला लागले, ते आजोबा कोण? दोन दिवसांनी खोलीत कोणी नाही असं बघून अण्णा काव्याला हळूच म्हणाले, "किती जणांनी बघितलं गं मला?"

"तुम्ही फेमस झालं, ताता."

"सुम्ने काहीतरी!" असं म्हणून ते गेले, पण त्या दिवसापासून पंचा जाऊन इस्त्रीचा सदरा आला.

माझे चौकोन भरत गेले. हिरव्या शाईत कृती, निळ्यात गिऱ्हाइकांचे शब्द, लाल शाईत विक्री. काम झालं की जानकी त्या चौकोनावर बरोबरची खूण करी. कधी वनजा सकाळी यायची, पुसायची, बदलायची, आणि दुपारी जानकी येऊन परत पहिल्यासारखं करायची. माझी त्वचा चुरचुरायची. लोक पानावर बोलत होते, विचारत होते, पण दारात येत नव्हते. वनजा दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघायची. मग माझ्याकडे. मग परत रस्त्याकडे.

"येतील," जानकी म्हणायची. "शेवटचा बाण अजून भात्यातच आहे."

तो बाण माझ्या शेवटच्या ओळीत होता. बुधवारचा चौकोन. जानकीने तो अख्खा लाल शाईने भरला होता. सकाळी अकरा वाजता वनजाने फोनवरून थेट सगळ्यांसमोर यायचं. दिवाळीचा पाच पुड्यांचा डबा दाखवायचा. आणि म्हणायचं, उद्या दसऱ्याच्या सकाळी जो आमच्या दारात येईल त्याला पहिला डबा मिळेल. बुधवारी सगळ्या कर्नाटकात सुट्टी, लोक घरी, हातात फोन. यापेक्षा चांगला दिवस नाही, असं जानकीचं म्हणणं.

तो बुधवार नवमीचा होता.

मी या घरात नवीन. मला काय माहीत? पण त्या चौकोनापाशी काहीतरी अडतंय, हे मला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. वनजा रोज त्याच्यासमोर येऊन थांबायची. मार्कर उचलायची. टोपण काढायची. परत लावायची. एकदा तिने डस्टर थेट त्या लाल अक्षरांवर टेकवलं. मी म्हटलं, पुसते आता. पण तिने ते उचललं आणि शेजारचा रिकामा चौकोनच दोनदा पुसला.

बाई, बोल की काय ते! मला ओरडावंसं वाटायचं. पण फळ्याला लिहिलेलंच बोलता येतं.

रोज पानावर सांगणं चालू होतं. नवमीला अकरा वाजता भेटू. तीन दिवस राहिले. दोन दिवस राहिले. सगळं शहर दिव्यांनी झगमगत होतं, गल्लीत बायका एकमेकींकडे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्या बघायला जात होत्या, आणि वनजाची झोप उडाली होती.

बुधवार उजाडला. अण्णा पहाटेच आंघोळ करून तयार. त्यांनी पुढच्या खोलीतली जमीन स्वतः पुसली, पाट मांडला, आणि त्यावर पणजोबांची तलवार ठेवली. शेजारी त्यांचा घोड्याचा चाबूक. मग घरभर आवाज दिला, "आपापलं हत्यार घेऊन या!"

या घरात नवमीला आयुधपूजा होते. नाशिकला जानकीच्या माहेरी अवजारांची पूजा दसऱ्याच्या दिवशी होते, आणि पूजा झाली की लगेच सगळं कामाला लागतं. इथे तसं नाही. नवमीला जे पूजेत ठेवलं त्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. हत्यारालाही वर्षातून एक दिवस विसावा. घोडदळातल्या घराण्यात तर हा दिवस सगळ्यात मोठा.

वजनकाटा आला. मिक्सर आला. पाकिटं बंद करायचं यंत्र आलं. काव्याने लॅपटॉप आणला. अण्णांनी वनजाकडे पाहिलं.

"आणि फोन?"

"फोन कशाला, अण्णा?"

"एनम्मा, अगं महिनाभर त्याच्यावरच लढतेयस. ते हत्यार नाही तर काय? आण. तो फळा पण काढ भिंतीवरून."

वनजाचा हात कमरेला खोचलेल्या फोनवर गेला. ती काहीतरी बोलणार होती. ओठ उघडलेसुद्धा. मग ती म्हणाली, "सरी."

मला तलवारीशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं. माझ्या कपाळावर गंध लागलं, कुंकू लागलं, वर शेवंतीची माळ आली. फोन माझ्या पायाशी, फुलांखाली. खरं सांगतो, माझी पूजा त्याआधी कोणी केली नव्हती. ऊर भरून यायला हवा होता. पण माझ्या अंगावर लाल अक्षरांत "अकरा" लिहिलेलं होतं आणि घड्याळात साडेदहा झाले होते.

अण्णांनी दारात कुंकू लावलेला कोहळा फोडला, आणि त्याच वेळी जानकी स्कूटरवरून उतरली. नवी साडी, गजरा, हातात चित्रणाचा गोल दिवा. कोहळ्याच्या फोडी ओलांडून ती आत आली आणि जागच्या जागी थांबली.

"ताई, फोन कुठाय?"

वनजाने फुलांकडे बोट दाखवलं.

"काढा ना मग! अर्धा तास राहिलाय."

"उद्या सकाळी काढायचा."

जानकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने हातातला दिवा खाली ठेवला. "बरं, माझा फोन आहे. त्यावर तुमचं पान उघडू." तिने भराभर बोटं चालवली आणि तिथेच खाली बसली. पान उघडायला जे आकडे लागतात, ते वनजाच्या फोनवर येणार होते. फुलांखाली फोन एकदा थरथरला. आले होते आकडे. माझ्या पायाशी. एका हाताच्या अंतरावर.

"नाशिकवाल्या बाई," अण्णा म्हणाले, "आमच्याकडे आज हत्यार उचलत नाहीत. आज लढाई नसते."

"अण्णा, हजारभर लोक वाट बघतायत हो!"

"घोडे पण वाट बघायचे. बघू देत."

जानकी वनजाकडे वळली. "ताई, महिना झाला हे इथे लिहिलेलं आहे. तुम्हाला माहीत होतं ना? सांगितलं का नाही मला?"

"तू शिकलेली," वनजा हळू म्हणाली. "तू लिहिलंस, म्हणजे विचार करूनच लिहिलं असशील. बाकीचं पुसलं तर तू परत लिहायचीस. मग हे मी कोण पुसणार?"

"अहो, मला काय माहीत इथलं! तुम्ही नुसतं एकदा..." जानकीने आपला फोन पालथा ठेवला. मग तीच म्हणाली, "मीही विचारलं नाही तुम्हाला. नुसती लिहीत सुटले."

अण्णा उरलेल्या कोहळ्याच्या फोडी रस्त्याच्या कडेला करायला बाहेर गेले. खोलीत आम्हीच. जानकीचे डोळे फुलांवर होते. वनजा माझ्यासमोर बसली. तिचा हात पुढे आला. शेवंतीच्या पाकळ्यांना बोटं लागली. मी श्वास धरला, फळ्याला असतो तेवढा. घे, असंही वाटत होतं आणि घेऊ नको, असंही. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली दाबून धरला.

अकरा वाजले.

मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. फोन थरथरायला लागला. घंटी बंद होती, पण पाटावर तो असा घुमत होता की माझी खालची पट्टी वाजायची. थांबला की परत. कोणी लिहीत होतं, कोणी फोन करत होतं. वनजम्मा कुठे आहे? तब्येत बरी आहे ना? काव्या आपल्या फोनवर वाचून दाखवत होती, पण तिला त्या पानावरून उत्तर देता येत नव्हतं. फुलं हलत होती. एक शेवंती घरंगळून तलवारीवर पडली. बारा वाजले, एक वाजला, तो घुमतच होता. जेवणाची केळीची पानं मांडली गेली, जानकीलाही जेवायला बसवलं, तेव्हाही चालूच. अण्णांनी खिरीची वाटी खाली ठेवली.

"किती बोलतायत हे लोक!"

"माझ्याशी बोलतायत ते, अण्णा," वनजा म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. आकाशवाणीचा नाही आणि सरीचाही नाही.

"मी फोन उचलला नाही. तुमचं हत्यार तसं माझं हत्यार, ते पटलं मला. पण उद्या दारात कोणी आलं नाही तर ते मला काम येत नाही म्हणून नाही. मी या घरचा नेम पाळला म्हणून. ही खोली मला पाहिजे, अण्णा. शरतला दिली तर मी आत पुडी करणार नाही. बंद करीन. तुम्हाला हे आधीच सांगायला पाहिजे होतं. बावीस वर्षं मी सरी म्हणत राहिले."

जानकीने मान खाली घातली. अण्णांनी वनजाकडे असं बघितलं, जणू घरात कोणीतरी नवीन आलंय.

"बघू," ते म्हणाले. आणि वाटी परत उचलली.

चार वाजता फोनची बॅटरी संपली. त्या शांततेत मला आणखीच अस्वस्थ वाटायला लागलं. जानकी निघताना वनजाने तिच्या डब्यात खीर भरून दिली. दोघी दारात बराच वेळ उभ्या होत्या, पण काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी कुंकू लावून भिंतीला टेकून उभा. हजार लोकांना दिलेलं वचन अंगावर, आणि ते मोडलेलंही अंगावरच. कोणी पुसूही शकत नव्हतं. मीही पूजेतच होतो.

आता माझं सध्याचं सांगतो आणि थांबतो. माझे चौकोन आता आडवे दुभागले आहेत. वरच्या अर्ध्यात वनजा तिथी लिहिते, सण लिहिते, उपास लिहिते. तिचं अक्षर मोठं आहे, रेघेबाहेर जातं. खालच्या अर्ध्यात जानकी. दोघींचा वाद झाला की शाई वाळायच्या आत पुसली जाते आणि माझ्या अंगाची आग होते. पण आता त्या दोघी माझ्यासमोर उभ्या राहून वाद घालतात, हे मला बरं वाटतं. स्वस्थ मी अजून नाही. दिवाळी झाली की संक्रांत, संक्रांत झाली की युगादी. माझ्यासारख्याला स्वस्थता नसतेच.

तुमच्या घरी, दुकानात, शाळेत माझ्या जातीचा कोणी असेल, तर एक विनंती. त्याच्यावर कोणी काही लिहिलं आणि तुमचा हात त्याच्यासमोर अडला, तर टोपण लावून परत जाऊ नका. ज्याने लिहिलंय त्याला विचारा. आम्हाला पुसल्याचं दुःख होत नाही. बाई मार्कर उचलते आणि परत ठेवते, ते मात्र आमच्याच्याने बघवत नाही.

आणि हो, त्या दसऱ्याचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शरत पानसुपारी घेऊन खोलीच्या मुहूर्ताला आला, तेव्हा रस्त्यावर दुसरं कोणीही नव्हतं; अण्णांनी त्याला आत बसवलं, कॉफी दिली आणि खोली रिकामी नाही असं सांगितलं.